पोळपाट, डावा खांदा आणि पंचाहत्तर हजारांचा कागद

पत्र (थोडक्यात): मी धनकवडीत राहते, वय ४३. घरातूनच पोळी-भाजी केंद्र चालवते. साडेतीन महिन्यांपूर्वी रात्री बिबवेवाडीत एका चौकात आमच्या गाडीला डावीकडून टेम्पो धडकला. मिस्टर चालवत होते, मी शेजारी. डाव्या बाजूच्या तीन बरगड्या मोडल्या, पेल्विसला (कमरेखालच्या हाडांच्या कड्याला) पुढून फ्रॅक्चर झालं, खांद्याला मार बसला, डोकं काचेवर आपटलं. प्लीहेला इजा आहे का ते बघायला चार दिवस लक्ष ठेवलं, ते निभावलं. आता डॉक्टर म्हणतात हाडं जुळली. पण मला मांडी घालून बसता येत नाही, लाटताना खांदा धरतो, ऑर्डरी विसरते, डोकं दुखतं, उगाच पोरांवर चिडते. टेम्पोमालक दोनदा घरी येऊन गेला. पंचाहत्तर हजार घ्या, स्टॅम्पपेपरवर सही करा, म्हणतो. तुमच्या मिस्टरांनीच पिवळ्या दिव्यावर गाडी घातली, कोर्टात गेलात तर तुमच्याच अंगाशी येईल, असंही म्हणाला. मिस्टर घाबरलेत. सासूबाई म्हणतात, जीव वाचला, देवाला हात जोडा आणि विषय संपवा. मेडिक्लेमने बराचसा खर्च दिलाय, मग आता मागायचं तरी काय?

उत्तर:

ताई, सही करू नका. बाकीचं सावकाश वाचा, पण हे एवढं आज घरात सांगून टाका. टेम्पोमालक पुन्हा आला तर चहा द्या, आणि "आमचं वकिलांशी बोलणं चालू आहे" म्हणून वाटेला लावा.

सासूबाईंचं म्हणणं मला कळतं. जीव वाचला हे खरंच मोठं आहे. पण तुमचं पत्र वाचताना मला दिसतंय की अपघात अजून संपलेलाच नाही. तो तुमच्या खांद्यात आहे, कमरेत आहे, आणि बहुतेक डोक्यातही. काय काय बिघडलंय याचा पुरता हिशेब अजून कुणीच केलेला नाही, आणि ज्याचा हिशेब झालेला नाही त्याची किंमत पंचाहत्तर हजार कशी ठरली, हा माझा पहिला प्रश्न आहे.

मी वकील आहे, डॉक्टर नाही. पण पंचवीस वर्षं शिवाजीनगरच्या कोर्टात अपघाताचे दावे चालवताना अस्थिरोगतज्ज्ञांच्या साक्षी नोंदवून घेतल्यात, एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून बघितलेत. त्यातून जे शिकले ते सांगते.

समोरून धडक बसते तेव्हा तुमच्या आणि समोरच्या गाडीच्या मध्ये बॉनेट असतं, इंजिन असतं. ते चेपत जातं आणि धक्क्याचा बराचसा जोर खातं. बाजूला असं काहीच नसतं. दरवाजाचा पत्रा, आत काच वरखाली करायची यंत्रणा, एक आडवी लोखंडी पट्टी, आणि मग तुम्ही. दंड आणि दरवाजा यांच्यात वीतभरसुद्धा जागा नसते. त्यामुळे दरवाजाच आत येऊन माणसाला मारतो. सीटबेल्ट पुढे फेकलं जाण्यापासून वाचवतो, बाजूच्या माराला त्याचा उपयोग कमी. गाडीला बाजूची एअरबॅग आणि वरून उघडणारा पडदा असेल तर फार फरक पडतो, पण आपल्याकडे सक्ती आहे ती पुढच्या दोन एअरबॅगची. त्या बाजूच्या धडकेत उघडतीलच असं नाही, आणि उघडल्या तरी खिडकीच्या काचेपासून डोकं वाचवत नाहीत.

म्हणून बाजूच्या धडकेतला मार एका रेषेत वरून खाली लागलेला असतो: डोकं, खांदा, बरगड्या, पोटाची ती बाजू, पेल्विस. तुमच्या पत्रातली यादी नेमकी हीच आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. उजवीकडून धडक बसली की त्याच्या उजव्या बरगड्या आणि यकृत धोक्यात येतं. डावीकडून बसली की शेजारी बसलेल्या माणसाच्या डाव्या बरगड्या आणि त्यांच्याखाली लपलेली प्लीहा, आपल्या आज्या जिला पाणथरी म्हणायच्या ती. प्लीहेची इजा कधीकधी काही दिवसांनी उघड होते, म्हणून तुम्हाला थांबवून घेतलं ते योग्यच केलं. हे सगळं मी मुद्दाम सांगतेय, कारण उद्या समोरचा वकील "खांदा आधीपासूनच दुखत असेल, पोळ्या लाटून लाटून" असं म्हणणारच. त्यावर उत्तर हेच: डावा दरवाजा आत आलाय, आणि डोक्यापासून कमरेपर्यंतचा सगळा मार डावीकडचा आहे. गाडी अजून दुरुस्त केली नसेल तर त्या दरवाजाचे आतून आणि बाहेरून फोटो काढा. गॅरेजला दिली असेल तर गॅरेजवाल्याने आणि विमा सर्व्हेअरने काढलेले फोटो मागून घ्या.

आता "हाडं जुळली" याबद्दल. जुळली असतील. पण दुखणं फक्त हाडांचं नसतं.

खांद्याचे स्नायुबंध साध्या एक्स-रेत दिसत नाहीत, त्यासाठी एमआरआय लागतो. पेल्विसचं तसंच. बाजूने दाब आला की पुढचं हाड मोडतं आणि बऱ्याचदा त्याच वेळी मागे, माकडहाडाच्या वर जिथे पेल्विस कण्याला जोडलेली असते, तिथेही इजा होते. मागची ही इजा एक्स-रेत सहज निसटते, सीटीत दिसते. तुमचा सीटी झाला असेल तर त्याचा पूर्ण रिपोर्ट काढून घ्या. फक्त डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. झाला नसेल तर डॉक्टरांना विचारा, मांडी का घालता येत नाही याचं कारण शोधायचं तर काय तपासावं लागेल.

आणि डोकं. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त टोचलेली ओळ ही: ऑर्डरी विसरते, पोरांवर चिडते. ताई, हा तुमचा स्वभाव बिघडलेला नाही. डोक्याला असा धक्का बसल्यावर सीटी स्कॅन अगदी स्वच्छ येऊनही महिनोन्महिने डोकेदुखी, विसरभोळेपणा, चिडचिड, झोप उडणं, उजेड आणि आवाज सहन न होणं हे राहू शकतं. रक्तस्राव झालाय का हे सीटी सांगतो, पण मेंदूचं रोजचं काम बिनसलंय का ते त्याला दिसत नाही. मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा, स्मरणशक्ती आणि एकाग्रतेची तपासणी करता येते ती करून घ्या. घरातल्यांनाही सांगा की हे दुखण्यामुळे आहे. मुलांना तर नक्की सांगा.

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, भाजीचा गाळा होता त्यांचा. अपघातानंतर सुट्टे पैसे परत देताना चुकायला लागल्या. गिऱ्हाइकं आधी हसली, मग भांडली, मग यायची बंद झाली. त्यांनी हे कुठल्याच डॉक्टरला सांगितलं नव्हतं, कारण डॉक्टरांनी पाय कसा आहे एवढंच विचारलं होतं. मी त्यांच्या केसपेपरची सगळी पानं उलटली, डोक्याबद्दल एक अक्षर नव्हतं. पायाची भरपाई मिळाली. डोक्याची मला मिळवून देता आली नाही, आणि ती खंत अजून आहे. म्हणून सांगते, जे केसपेपरवर आलं नाही ते न्यायाधिकरणापुढे उभं करणं फार अवघड जातं. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा सगळ्या तक्रारी कागदावर लिहून न्या आणि त्यांना त्या केसपेपरवर लिहायला सांगा.

आता पैशांकडे येते.

मोटार अपघाताच्या भरपाईचे दावे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतात, ज्याला सगळे एमएसीटी म्हणतात. आपलं शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयात आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे अपघातापासून सहा महिन्यांत दावा दाखल करायचा असतो. या मुदतीला न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर मुळीच राहू नका. तुमचे साडेतीन महिने गेलेत. उरलेल्या दिवसांत कागद गोळा करायलाच वेळ लागतो.

दावा टेम्पोच्या चालकावर, मालकावर आणि त्याच्या विमा कंपनीवर होतो. पैसे देते विमा कंपनी. टेम्पोमालक पंचाहत्तर हजार घेऊन दारात का येतो, हे मला सांगता येणार नाही. पण टेम्पोचा विमा त्या दिवशी चालू होता का, चालकाकडे योग्य लायसन्स होतं का, हे आधी पाहा. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विम्याची मुदत दिसते, आणि पोलिसांच्या कागदांत पॉलिसी नंबर असायला हवा. विमा नसेल तर मालकाला स्वतःच्या खिशातून द्यावे लागतात, आणि मग त्याची घाई कशासाठी ते कळतं.

पोलिसांकडून एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, दोन्ही गाड्यांचे तपासणी अहवाल यांच्या प्रती मागा. नियमाप्रमाणे पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो गेला का, हे ठाण्यात जाऊन लेखी विचारा. चौकातल्या किंवा आसपासच्या दुकानांच्या कॅमेऱ्यांचं चित्रण फार दिवस राहत नाही. तपास अधिकाऱ्यांनी ते घेतलंय का, हेही त्याच अर्जात विचारा.

मिस्टरांच्या चुकीची भीती घातली गेलीय, ती मनातून काढा. कुणाची चूक किती, हे न्यायाधिकरण पुरावा पाहून ठरवेल. पण तुम्ही गाडी चालवत नव्हता. चालकाची चूक शेजारी बसलेल्या माणसाच्या माथी मारता येत नाही. समजा दोन्ही चालकांची थोडी थोडी चूक निघाली, तरी तुम्ही तुमची पूर्ण भरपाई त्यांच्यापैकी कुणा एकाकडून मागू शकता, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केलंय. त्यांनी आपसात नंतर काय वाटून घ्यायचं ते घेवोत. मिस्टरांना स्वतःच्या मारासाठी दावा करायचा असेल तर मात्र त्यांची जेवढी चूक ठरेल तेवढी रक्कम त्यांच्या भरपाईतून कापली जाईल.

तुमचा वकील कदाचित मिस्टरांना आणि त्यांच्या विमा कंपनीलाही प्रतिवादी करायला सुचवेल. हे ऐकून सासूबाई दचकतील, "बायकोने नवऱ्यावर केस केली" म्हणून चार घरांत बोलतीलही. त्यांना शांतपणे समजवा की नाव मिस्टरांचं असतं, रक्कम त्यांच्या पॉलिसीतून जाते, आणि त्या पॉलिसीत गाडीतल्या प्रवाशांचा समावेश असेल तरच याचा उपयोग. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर त्या वाटेने सहसा काही हाती लागत नाही. टेम्पोच्या विम्यासाठी मात्र तुम्ही थेट त्रयस्थ व्यक्ती आहात, तिथे ही अडचणच नाही.

मेडिक्लेमबद्दल. तुम्ही वर्षानुवर्षं हप्ते भरलेत, म्हणून ते पैसे मिळाले. टेम्पोच्या विमा कंपनीचा त्यात काय संबंध? नेमकं हेच मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये सांगितलं: मेडिक्लेमचे पैसे अपघाताच्या भरपाईतून वजा करायचे नाहीत. तेव्हा हॉस्पिटलचं पूर्ण बिल दाव्यात लावा. मूळ बिलं मेडिक्लेम कंपनीकडे गेली असतील तर हॉस्पिटलकडून शिक्क्यासह प्रती घ्या. रिक्षाचं भाडं, औषधं, फिजिओथेरपी, घरात ठेवलेली मदतनीस, सगळ्याची नोंद ठेवा.

पण खरी रक्कम बिलात नसते, ती तुमच्या पोळपाटात आहे. इथे थोडं थांबते, कारण तुमच्यासारख्या बायका हीच बाजू सोडून देतात. "घरगुतीच आहे हो" म्हणतात.

डॉक्टर कायमच्या अपंगत्वाचा टक्का देतात. पण तो टक्का म्हणजे कमाईचं नुकसान नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात नीट समजावून सांगितलंय. त्यातलं उदाहरण असं: डावा हात गेला तर शरीराचं नुकसान सगळ्यांचं सारखं, पण गाडीचालक किंवा सुतार असेल तर त्याची कमाईच जवळजवळ पूर्ण थांबते, आणि सरकारी कारकून असेल तर त्याची नोकरी टिकू शकते. म्हणजे तुमचा खांदा हा पोळ्या लाटणाऱ्या बाईचा खांदा म्हणून मोजला गेला पाहिजे. दिवसाला किती पोळ्या लाटत होता, आता किती होतात, उरलेल्यांसाठी बाई ठेवली का, तिला किती देता, हे सगळं पुरावा आहे.

आकडे घालून दाखवते. समजा तुमची निव्वळ कमाई महिना १६,००० ठरली. वर्षाचे १,९२,०००. स्वतःचा व्यवसाय आणि वय ४० ते ५० मध्ये, म्हणून भविष्यातल्या वाढीचे २५ टक्के धरले जातात, म्हणजे २,४०,०००. कमाईची क्षमता १५ टक्के घटली असं मानलं तर वर्षाला ३६,०००. याला वयानुसार ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणतात; तुमच्या वयाला तो १४. झाले ५,०४,०००. यात उपचारांचा खर्च नाही, अंथरुणावर गेलेल्या महिन्यांची बुडालेली कमाई नाही, वेदनांची भरपाई नाही, आणि मांडी घालून पूजेला, पंगतीला बसता येत नाही त्याचीही नाही. ही शेवटची बाब क्षुल्लक समजू नका, आयुष्यातला गेलेला आनंद हाही भरपाईचा वेगळा भाग असतो. वर अर्जाच्या तारखेपासून व्याज. हे आकडे फक्त रीत कळावी म्हणून धरलेत, तुमचे वेगळे असतील. पण पंचाहत्तर हजार कुठे आणि हे कुठे, ते बघा.

कमाई सिद्ध कशी करायची? पगाराची पावती नाही, पण फोनवर आलेले पैसे आहेत, बँकेचं पासबुक आहे, मार्केट यार्डातून घेतलेल्या गव्हाची आणि तेलाची बिलं, गिरणीवाल्याची वही, अन्न परवाना, आणि रोजची गिऱ्हाइकं आहेत. जवळच्या ऑफिसातला एखादा डबेकरी मुलगा येऊन "काकूंकडून तीन वर्षं डबा घेतोय" एवढं सांगू शकला तरी मोठा आधार होतो. घरकामालाही पैशांत मोल आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा ठासून सांगितलंय, तेव्हा वकिलाकडून तेही लिहून घ्या.

एक सापळा सांगते. फ्रॅक्चर ही कायद्याने गंभीर दुखापत आहे. कुणाची चूक हे न पाहता तिच्यासाठी अडीच लाख मिळण्याची तरतूद आहे, आणि विमा कंपनीचा माणूस ते घेऊन येऊ शकतो. रक्कम वाईट नाही. पण त्या तरतुदीखालचे पैसे स्वीकारले की मोठा दावा संपतो. म्हणून खांद्याचा आणि डोक्याचा निकाल लागेपर्यंत त्यालाही हो म्हणू नका. तडजोड कधीच करू नका, असं माझं म्हणणं नाही. दावा दाखल करा, अपंगत्वाचा दाखला हातात येऊ द्या, मग लोकअदालतीत विमा कंपनीशी बसा. तिथे झालेल्या तडजोडी मी आनंदाने केल्यात, कारण लोकांची वर्षं वाचतात.

वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय त्याच कोर्टात आहे. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. हॉस्पिटलच्या किंवा पोलीस ठाण्याच्या बाहेर भेटून "अर्धे तुमचे अर्धे आमचे" म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. भरपाईत वाटा घेणं वकिलाला नियमानेच मना आहे. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या वकीलपत्रावर सही करू नका.

या आठवड्यात तीन ठिकाणी जा: हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात, पोलीस ठाण्यात, आणि शिवाजीनगरला. आणि उद्या सकाळी पोळ्या लाटायला उभ्या राहाल तेव्हा घड्याळ लावा. कितव्या पोळीला खांदा धरतो, किती मिनिटांनी बसावं लागतं, ते तारीख घालून वहीत लिहा, रोज. मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाताना ती वही बरोबर न्या, आणि वकिलाकडे जाताना तिची झेरॉक्स.